नळीच्या पोटात किती मावतं?

पोकळ वृत्तचितीच्या आतलं घनफळ काढायला सांगितलं की बहुतेकांचा जीव 'पाय'मध्ये (π) अडकतो. 22/7 घ्यायचं, 3.14 घ्यायचं की आणखी आकडे लिहायचे? खरं तर 22/7 मुळे होणारी चूक जेमतेम 0.04 टक्के. हिशेब बिघडतो तो भिंतीपाशी.

सूत्र शाळेतलंच: पाय गुणिले आतल्या त्रिज्येचा वर्ग गुणिले आतली उंची. पण आपण मोजतो बाहेरचा व्यास, आणि त्यातून जाडी वजा करतो एकदाच. भिंत दोन्हीकडे असते! बाहेरचा व्यास 10 सेंमी आणि जाडी 1 सेंमी असेल तर आतला व्यास 8 सेंमी, 9 नव्हे. 9 धरलात तर घनफळ तब्बल 27 टक्क्यांनी फुगतं, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. तळ बंद असेल तर उंचीतून त्याचीही जाडी काढायची.

आता नळी केसासारखी बारीक असेल तर? आत पट्टी जात नाही, कॅलिपरही नाही. इथे येते माझी लाडकी युक्ती. नळीत पाऱ्याचा एक तुकडा ओढून घ्यायचा, त्याची लांबी मोजायची, मग तो बाहेर काढून तोलायचा. 10 सेंमी लांब तुकडा 1.064 ग्रॅम भरला, तर पाऱ्याच्या घनतेने (13.55 ग्रॅम दर घनसेंमी) भागून 0.0785 घनसेंमी. नळी 30 सेंमीची असेल तर तिप्पट, म्हणजे सुमारे 0.236. त्रिज्या लागली नाही आणि पायही लागला नाही!

पाराच का? तो काचेला चिकटत नाही. पाणी मात्र मागे पातळ थर ठेवून जातं. एक अडचण उरते: तुकड्याची टोकं फुगीर असतात, म्हणून टोकापासून टोकापर्यंतची लांबी थोडी जास्त भरते. त्यावर उपाय म्हणजे एक लांब आणि एक आखूड असे दोन तुकडे घ्यायचे आणि वजनांतल्या फरकाला लांबींतल्या फरकाने भागायचं. टोकं दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे ती वजाबाकीत उडून जातात. पाऱ्याची वाफ विषारी असते, तेव्हा घरी हा खेळ नको.

हे सगळं नळी सर्वत्र सारखी रुंद आहे असं धरून. ते तपासायलाही तोच तुकडा कामी येतो. नळी किंचित कलती करून तो पुढे सरकवत न्यायचा. जिथे तो लांब होतो, तिथे नळी अरुंद आहे. थर्मामीटरच्या नळ्या अशाच पारखल्या जात.