थंडीत डिझेल इंजिन का पेटत नाही: हरवलेल्या उष्णतेचा माग

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग असतो, डिझेलच्या इंजिनात तो नसतो. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा पिस्टनने इतकी दाबायची, की ती दाबानेच तापावी आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडताच त्याने आपोआप पेट घ्यावा, हे या इंजिनाचे मूळ तत्त्व. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, आणि नंतर कितीही सुधारणा झाल्या तरी हे तत्त्व बदललेले नाही. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू होईना, की पेट घेण्याइतकी उष्णता नेमकी कुठे कमी पडली, हाच पहिला प्रश्न विचारावा लागतो. दुसरी शक्यता उरते ती डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचलेच नसल्याची.

हवा मूळ आकारमानाच्या अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली आणि उष्णता मुळीच वाया गेली नाही, तर ० अंश सेल्सिअसची हवा जवळजवळ ६०० अंशांपर्यंत तापते. प्रयोगशाळेत डिझेल साधारण २१० अंशांच्या पुढे स्वतःहून पेटते, असे मानतात. म्हणजे हिशेब कागदावर तरी सहज जमतो. मात्र प्रयोगशाळेत इंधनाला पेटायला भरपूर अवधी मिळतो, तर इंजिनात ते काही मिलिसेकंदांतच पेटावे लागते. शिवाय सेल्फ मारताना सिलिंडरच्या भिंती बर्फासारख्या गार असतात. त्या हवेची उष्णता शोषून घेतात, आणि पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडी हवाही निसटते. ही गळती धरून ढोबळ हिशेब केला, तर तेच तापमान चारशेच्या खाली उतरते, आणि बाहेर उणे २० अंश असतील तर ते सव्वातीनशेच्या आसपास राहते.

आग्नेय आशियात बांबूच्या, लाकडाच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या दाबून आग पेटवण्याचे एक जुने साधन आहे. दट्ट्या झटक्यात आत मारला तर टोकाशी ठेवलेला कापसासारखा भुसा निखाऱ्यासारखा लाल होतो. तोच दट्ट्या हळू दाबला तर काहीही घडत नाही, कारण हवा तापेल तितकी उष्णता नळीच्या भिंतीत मुरत जाते. गाडीतही अगदी हेच होते. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरत असेल तर हवा दाबण्याचा एक टप्पा सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्यात आटोपतो. वेग १०० वर आला की त्याला दुप्पट वेळ लागतो आणि गळतीही वाढते. म्हणूनच ‘सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा समज डिझेलच्या बाबतीत घातक ठरतो. नुसते फिरणे पुरत नाही, वेगाने फिरावे लागते.

रात्रभर उभी राहिलेली गाडी म्हणजे निदानाची उत्तम संधी असते, आणि घाईघाईने धक्का मारून किंवा दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून आपण ती वाया घालवतो, असे मला मनापासून वाटते. इंजिन एकदा गरम झाले की बहुतेक खुणा पुसल्या जातात. म्हणून पहिल्यांदा सेल्फ माराल तेव्हा कुणाला तरी सायलेन्सरच्या नळीमागे उभे करा आणि स्वतः कान देऊन ऐका. गचके खात, जड लयीत इंजिन फिरत असेल तर संशय बॅटरी, तिच्या वायरी, अर्थिंग किंवा थंडीने घट्ट झालेल्या ऑइलवर जातो. फिरण्याची लय एका ठरावीक ठेक्याला हलकी पडत असेल तर एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबून धरण्याची ताकद, गेलेले असू शकते. आवाज अगदीच हलका आणि भरभर येत असेल, तर टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा पिस्टनच्या तालावर चालवणारा पट्टा) तुटला नाही ना हे पाहिल्याशिवाय पुन्हा किल्ली फिरवू नये.

धूर याहूनही बोलका असतो. सेल्फ मारताना नळीतून डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये येत आहे पण न जळताच वाफ होऊन बाहेर पडत आहे, म्हणजे दोष उष्णतेच्या बाजूचा आहे. दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारूनही धुराचा लवलेश नसेल तर इंधनाच्या बाजूला शोध घ्यावा. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे काम आटोपते.

बॅटरीचे सांगायचे तर, रात्रभर स्वस्थ राहिलेल्या आणि पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, आणि १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी झालेली असते. सेल्फ मारताना मीटरवरचा आकडा साडेनऊच्या बराच खाली कोसळत असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा जोडण्या खराब आहेत. उणे १८ अंशांना तिची क्षमता निम्म्याच्या आसपास उतरते. ऑइलच्या डब्यावरचा १५डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू हा आकडाही इथे महत्त्वाचा ठरतो, कारण थंडीत इंजिन फिरवताना होणाऱ्या विरोधाची चाचणी १५डब्ल्यू ऑइलसाठी उणे २० अंशांना, तर ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंशांना घेतात.

यानंतर ग्लो प्लग, ज्यांना मेकॅनिक मंडळी हीटर प्लग म्हणतात. त्यांचे टोक काही सेकंदांत लालभडक होऊन ८०० ते १००० अंशांपर्यंत तापते आणि कमी पडलेली उष्णता नेमकी फवाऱ्याजवळ पुरवते. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझला की प्लग तापले असे आपण धरून चालतो, पण पुष्कळ गाड्यांमध्ये तो दिवा फक्त ठरलेला वेळ मोजत असतो आणि चारही प्लग जळालेले असले तरी शांतपणे विझतो. तपासणी सोपी आहे. प्लगची वायर काढून त्याचे टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामधला रोध मोजला, तर चांगला प्लग साधारण एक ओमच्या आसपास दाखवतो आणि जळालेल्या प्लगवर मीटर काहीच दाखवत नाही. प्लग चांगले असूनही तापत नसतील तर रिले, फ्यूज किंवा नियंत्रक पाहावा. नव्या गाड्यांतले अनेक प्लग पाच-सात व्होल्टचेच असतात. त्यांना थेट बॅटरी लावून ‘लाल होतात का’ हे पाहण्याची जुनी पद्धत ते क्षणात जाळून टाकते.

एक दोष फार फसवा आहे. कूलंटचे, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान मोजणारा सेन्सर चुकीचा आकडा सांगू लागला, तर गाडीतल्या संगणकाला इंजिन गरमच वाटते आणि तो प्लग तापवतच नाही. रात्रभर उभ्या गाडीला किल्ली फिरवण्याआधी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे यंत्र) लावावा. कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल या तिघांची तापमाने दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखी दिसली पाहिजेत. बाहेर ४ अंश असताना कूलंट ४५ सांगत असेल, तर चोर सापडला.

धूरच नसेल तर आधी फिल्टर पाहावा. डिझेलमध्ये नैसर्गिकरीत्या मेण असते. गारवा वाढला की त्याचे स्फटिक बनून डिझेल गढूळ दिसू लागते आणि आणखी थोड्या थंडीत ते फिल्टरची जाळी बुजवतात. इंधनाची ही मर्यादा ठरवण्यासाठी ते टप्प्याटप्प्याने गार करत ४५ मायक्रॉनच्या जाळीतून शोषतात, आणि २० मिलिलिटर इंधन ६० सेकंदांत पार होईनासे झाले की ते तापमान नोंदतात. थंडीसाठीचे द्रावण मेण धरण्यापूर्वीच मिसळावे लागते. गोठल्यावर ओतलेल्याचा उपयोग नाही, तेव्हा फिल्टर उबदार करणे हाच उपाय. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळण्याची जुनी युक्ती कॉमन रेल इंजिनात (ज्यात एकाच सामाईक नळीतून सर्व सिलिंडरना उच्च दाबाचे डिझेल मिळते) करू नये, कारण तिथल्या पंपाला वंगण डिझेलकडूनच मिळते. मेण नसेल तर पाइपात एअर शिरली आहे का हे पाहावे. थंडीने आखडलेल्या रबरी सीलमधून हवा आत जाते, आणि पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

हवेच्या वाटेत ईथरचा फवारा मारण्याचा मोह मात्र टाळावा. तापलेल्या ग्लो प्लगशी गाठ पडली की ईथर वेळेआधीच भडकते आणि पिस्टन किंवा रिंगा फोडू शकते.

कधी गाडी सुरू होते, पण मिनिटभर थरथरते, पांढरा धूर ओकते आणि मग शहाण्यासारखी चालू लागते. हे बहुधा एकाच सिलिंडरचे दुखणे असते. सुरू झाल्यावर लगेच, पहिल्या वीस-तीस सेकंदांत, इन्फ्रारेड थर्मामीटर एक्झॉस्टच्या चारही फाट्यांवर फिरवावा. तीन फाटे झपाट्याने तापत असतात आणि एक मागे राहतो. प्लग, नोझल (डिझेलचा फवारा मारणारे तोंड) आणि कॉम्प्रेशन याच क्रमाने त्या सिलिंडरची तपासणी करावी.