धारा, दावा आणि वंशावळ

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांतली, वर्षानुवर्षं न सुटलेली गाठोडी भराभर सुटू लागली. मोडी वाचणाऱ्यांना गावोगावहून बोलावणी आली. आरक्षणाचा प्रश्न आपल्या जागी आहे. पण त्या निमित्ताने कितीतरी घरांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, की पणजोबांच्या वडिलांचं नाव काय होतं? उत्तर घरात नव्हतं, ते कचेरीत होतं. ते तिथे कसं पोहोचलं, हे समजून घेतल्याशिवाय तो कागद नीट वाचता येत नाही.

यातला एकही कागद वंशावळीसाठी लिहिलेला नाही. धारा, म्हणजे जमिनीवरचा सरकारी सारा, कोणाकडून वसूल करायचा, एवढंच सरकारला हवं होतं. आणि हक्क कोणाचा, हे भांडणाऱ्यांना हवं होतं. आपल्या पूर्वजांची नावं टिकली ती या दोन गरजांमुळे. ज्या घराने कधी काही देणं लावून घेतलं नाही आणि ज्याने कधी दावा लावला नाही, ते घर कागदावर जवळजवळ दिसतच नाही.

शोध घेणारा बहुतेक वेळा सातबाऱ्यापासून मागे जातो. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. पण पिढ्या सापडतात त्या नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. ‘अमुक इसम मयत, वारस मुलगे तीन, मुलगी एक, विधवा एक’ अशी एका परिच्छेदाची नोंद म्हणजे एका पिढीचं अख्खं घर. सातबाऱ्यावर कंसात गेलेली जुनी नावं आणि त्यांच्याजवळचा फेरफार क्रमांक पकडायचा आणि एकेक फेरफार मागे उलगडत जायचं. नव्या माणसाची सर्वांत मोठी फसगत होते ती ‘ए.कु.मॅ.’ या तीन अक्षरांशी. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, पण नाव एकट्या थोरल्याचं. धाकटे भाऊ नोंदीत नाहीत म्हणजे ते नव्हतेच, असं समजून कितीतरी वंशावळींतून अख्ख्या शाखा गळाल्या आहेत. तसंच ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या तीन अक्षरांआड बाप लवकर गेलेली लहान पोरं आणि त्यांच्या वतीने उभी राहिलेली आई असते.

फेरफारांची ही साखळी मुंबई इलाख्यात साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपाशी थांबते, कारण हक्कनोंदीचा कायदाच १९०३ चा. त्याआधी सरकारकडे होतं ते सर्वेक्षणाचं दप्तर. पेशवाई गेल्यावर १८२० च्या दशकात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात जमीनमोजणी आणि आकारणी केली, पण ती आकारणी शेतकऱ्याला झेपली नाही, गावं ओस पडू लागली. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतलं. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. ३३ फुटांची साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, तीस वर्षांसाठी ठरलेला आकार. आजही बांधावरचं भांडण याच आकड्यांत चालतं. पण या दप्तरात खातेदार म्हणजे धारा भरायला जबाबदार माणूस. शेतात खरा हक्क कोणाकोणाचा, गहाण कोणाकडे, वाटण्या कशा झाल्या, हे त्यात नाही. ती उणीव भरून काढण्यासाठीच १९०३ चा कायदा आला. म्हणून १९०३ च्या अलीकडे कुटुंब दिसतं आणि पलीकडे फक्त त्याचा कर्ता दिसतो.

हे झालं जुन्या मुंबई इलाख्याचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तिथली जुनी कागदपत्रं फारसी-उर्दूत आणि मोडीतही आहेत, आणि १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे शेतवार पाहणीची नोंद, तिथे शोधाची पहिली पायरी ठरतं. नागपूरकडे मालगुजारी, कोकणात खोती. मालगुजार किंवा खोत सरकार आणि कुळाच्या मधे उभा असल्यामुळे कुळाचं नाव सरकारी कागदापर्यंत पोहोचायलाच उशीर झाला.

पेशवाईच्या कागदांत शिरलं की मात्र दुसरंच जग उघडतं. गावची जमीन ‘थळां’त वाटलेली असे आणि थळ ओळखलं जाई ते मूळ घराण्याच्या नावाने. त्या घराण्याच्या सगळ्या शाखांचा मिळून जथा. एकाने सारा थकवला तर भार जथ्यावर. थळझाड्यात गावातल्या थळांची यादी असे आणि जे घराणं निर्वंश झालं किंवा परागंदा झालं त्याच्या थळापुढे ‘गतकुळ’ लिहिलेलं सापडतं. एका शब्दात एका घराण्याचा शेवट. मिरासदार म्हणजे पिढीजात हक्काचा, उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. आपलं घर उपरी म्हणून आलेलं दिसलं तर काही मंडळी नाराज होतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट ते घर त्याआधी कुठल्या गावी होतं, या पुढच्या शोधाची दिशा तिथेच मिळते.

या काळातला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे महजर, गावच्या सभेने साक्षीपुराव्यानिशी दिलेला निवाडा. पाटीलकीचा किंवा कुलकर्ण्याच्या वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. दोन्ही बाजू आपापला करीना सांगत: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरली पाती कोणाची, धाकटी कोणाची, कोण दुष्काळात गाव सोडून गेला, कोणाच्या नातवाने परत येऊन वतन मागितलं. साक्षीपुराव्याने निकाल लागला नाही तर रवादिव्यापर्यंत, म्हणजे उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढून खरेपणा सिद्ध करण्यापर्यंत मजल जाई. चार-पाच पिढ्या एका दमात सांगितलेल्या असतात, त्याही विरोधी पक्षासमोर, म्हणजे खोटं बोललं तर लगेच पकडलं जाईल अशा ठिकाणी. खाली साक्षीदारांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. आणि बाईची बांगडी. अक्षर न येणाऱ्या माणसाच्या हातची एवढी जवळची खूण दुसरीकडे क्वचितच मिळते.

हे कागद वाचताना नाव आणि साल या दोन ठिकाणी अडायला होतं. नावात आडनाव बहुधा नसतं. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आजच्या आडनावाने शोधायला गेलं तर समोर असलेला पूर्वजही हातातून निसटतो. गाव, बापाचं नाव आणि थळ यांनी शोधावं लागतं. सालाचं म्हणाल तर ‘समान अशर मयातैन व अलफ’ असं अरबी शब्दांत लिहिलेलं दिसतं. आठ, दहा, दोनशे, हजार. सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी दप्तरांत चालणारी कालगणना, १२१८. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे ५९९ किंवा ६०० मिळवायचे: इसवी सन १८१७-१८. म्हणजे पेशवाईचं शेवटचं वर्ष.

पेशव्यांचं दप्तर इंग्रजांनी सांभाळलं ते प्रेमापोटी नव्हे. कोणती इनामं खरी आणि कोणती खालसा करता येतील, हे ठरवायला त्यांना ते हवं होतं. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं. सनदा दाखवा, मूळ इनामदारापासून तुमच्यापर्यंतचा वंश सिद्ध करा, असा तगादा लागला. अनेकांची इनामं गेली. त्या अन्यायाच्या फायलींत आज वंशावळी सापडतात. पुण्यातल्या पुराभिलेखागारात रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले मोडी कागद कोटींच्या घरात आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून त्यातले निवडक ४५ खंडांत छापले गेले, पण ते दप्तराच्या मानाने अगदी थोडे. सामान्य कुणब्याचा, बलुतेदाराचा कागद न छापलेल्या ढिगातच आहे.

जनगणनेकडून लोकांना फार अपेक्षा असते आणि तिथे निराशा ठरलेली. १८७२ पासून इथे जनगणना झाली, १८८१ पासून दर दहा वर्षांनी, पण छापून आले ते आकडे. माणसामाणसाच्या नोंदी कुणालाही पाहायला खुल्या नाहीत आणि १९४८ च्या कायद्याने त्या गोपनीयच ठेवल्या. इंग्लंडच्या जुन्या जनगणनेत कुणालाही पणजोबांचं घर पाहता येतं, इथे नाही. अपवाद एकच. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव तयार झालेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. जिथे ते टिकलं आहे तिथे घरातली सगळी माणसं, बायका-मुलांसकट, एका पानावर भेटतात. त्याच्या जोडीला गाव नमुना चौदा, कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद. तिच्यात नवजात बाळाचं नाव अनेकदा नसतंच, बाप आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. जन्मतारीख जुळवायची तर भावंडांचा क्रम आधी माहीत हवा.

ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचं काय? त्यांच्यासाठी मोहतर्फ्याच्या, म्हणजे धंद्यावरच्या कराच्या याद्या पाहाव्यात. तेली, कोष्टी, रंगारी तिथे सापडतात. घरपट्टीच्या याद्या आणि खानेसुमाऱ्या, म्हणजे घरांच्या मोजणीच्या याद्या, पाहाव्यात. महार वतन १९५० च्या दशकाच्या अखेरीस कायद्याने संपलं, पण त्याआधीच्या वतन रजिस्टरांत वतनदार घरांची नावं आहेत. ज्या समाजांना इतर दप्तरांनी जागा दिली नाही त्यांच्या कितीतरी घरांसाठी हाच सर्वांत जुना धागा आहे. ही रजिस्टरं पाहायला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जात तालुका आणि मौजा आज कोणता आहे हे लिहून भागत नाही, नोंद झाली तेव्हा गाव कोणत्या तालुक्यात होतं हे लिहावं लागतं, कारण गाठोडं बांधलेलं असतं ते त्या जुन्या तालुक्याच्या नावाने.