सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट आणि कंटेनर

जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर सर्व्हरवर चालवायची, आणि ते अॅप लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका इमेजमध्ये (तयार गाठोड्यात) बांधून दुसऱ्या मशीनवर कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या कप्प्यात, जसंच्या तसं उभं करायचं, या दोन गोष्टी आजकाल जोडीनेच शिकल्या जातात. पहिलीसाठी नोड जेएस, दुसरीसाठी डॉकर. नोडचा जन्म २००९, डॉकरचा २०१३ एवढं सांगून बरेच जण इतिहास आटोपतात. तारखा बरोबर आहेत, कल्पना मात्र दोन्हीकडे बऱ्याच जुन्या.

सर्व्हरवर ही भाषा आधी कोणी आणली यात मतं वेगवेगळी दिसतात. नेटस्केपने डिसेंबर १९९५ मध्ये भाषा जाहीर केली आणि त्याच सुमारास (कोणी १९९५ धरतं, कोणी १९९६) लाइव्हवायर नावाने तिचं सर्व्हरवरचं रूपही काढलं, म्हणजे ‘आधी फक्त ब्राउझरमध्ये होती, नोडने सर्व्हरवर नेली’ हे जे सर्रास लिहिलं जातं ते काही खरं नाही. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी या सर्व्हरवरच्या तंत्रात जेस्क्रिप्ट (त्यांची जावास्क्रिप्ट) चालायची, जावावर चालणारं ऱ्हायनो इंजिनही नव्वदच्याच दशकातलं. मग नोड बनवणाऱ्या रायन डालने नवीन काय केलं? क्रोममधलं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही८ इंजिन उचललं आणि त्याला न अडकणारं (उत्तराची वाट बघत थांबून न राहणारं) इनपुट-आउटपुट जोडलं. इव्हेंट लूप, म्हणजे आलेली कामं एकेक करून उरकणारं चक्र, हाही त्याचा शोध नव्हे, पायथनमध्ये ट्विस्टेड आणि रूबीत इव्हेंटमशीन होतंच, पण त्या भाषांतल्या बाकीच्या बहुतेक लायब्ररी उत्तर येईपर्यंत थांबून राहणाऱ्या, त्यातली एखादी चुकून वापरली की अख्खा लूप ठप्प. जावास्क्रिप्टला फाइल किंवा सॉकेट हाताळायची स्वतःची लायब्ररीच नव्हती, त्यामुळे पाटी कोरी मिळाली. नोडचं खरं श्रेय या निवडीत आहे असं मानणं जास्त पटतं.

नोड सिंगल थ्रेड (कामाचा एकच धागा) आहे असं म्हणतात ते अर्धंच खरं. आपला कोड साधारणपणे एका थ्रेडवर पळतो, पण फाइल वाचणं, पासवर्ड हॅश करणं अशी काही कामं नोडच्या आतली लिबयूव्ही ही लायब्ररी स्वतःच्या थ्रेड पूलकडे देते, त्यात मुळात ४ थ्रेड असतात. पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) आणण्यासाठी २०१० पासून आयझॅक श्लूटरचं एनपीएम आहे. कारभारावरून भांडण होऊन २०१४ च्या शेवटी आयओ जेएस नावाची वेगळी चूल मांडली गेली, ती २०१५ मध्ये नोड ४ च्या वेळी परत एक झाली.

कंटेनरचं मूळ शोधणारे साधारण १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतल्या सीएचरूटपर्यंत जातात. काही ठिकाणी ते १९८२ मध्ये बिल जॉयने बीएसडीत आणलं असं लिहितात, पण ती बीएसडीपुरती नोंद धरलेली बरी. आणि सीएचरूट फक्त फाइलींची मुळं बदलतं, प्रोसेस किंवा नेटवर्क वेगळं करत नाही, म्हणून त्याला कंटेनर म्हणणं जरा ताणलेलंच. फ्रीबीएसडीचे जेल (२०००) जास्त जवळचे. लिनक्समध्ये नेमस्पेसेस (प्रोसेस, नेटवर्क वगैरे वेगळं दाखवणाऱ्या सोयी) हळूहळू येत गेल्या, सीग्रुप्स (मेमरी-सीपीयूवर मर्यादा घालणारी सोय) २००८ च्या सुरुवातीला कर्नल (सिस्टीमचा गाभा) २.६.२४ मध्ये आले आणि त्यावर एलएक्ससी हे कंटेनर चालवायचं साधन उभं राहिलं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने डॉकर दाखवलं तेव्हा खाली एलएक्ससीच होतं. नवीन होती ती थरांची इमेज आणि ती सहज ढकलता-ओढता येणं. कंटेनर म्हणजे व्हर्च्युअल मशीन नव्हे. चाळीसारखं, खोल्या वेगळ्या पण टाकी एकच, म्हणजे कर्नल.

सुरुवात करणाऱ्याचं गाडं बहुतेक वेळा या दोन्हींच्या सांध्यावर अडतं. डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या कृतीत) आधी फक्त पॅकेज डॉट जेसन (पॅकेजांची यादी) आणि लॉक फाइल (त्यांच्या नेमक्या आवृत्त्या) कॉपी करून एनपीएम सीआय ही पॅकेजं बसवणारी कमांड चालवायची, मग बाकी कोड आणायचा, नाहीतर एक ओळ बदलली तरी तो थर नव्याने बनतो आणि सगळी पॅकेजं परत उतरतात. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर डॉकर इग्नोरमध्ये टाकायचं, कारण मॅकवर कंपाइल झालेलं नेटिव्ह मॉड्यूल लिनक्सच्या कंटेनरमध्ये गेलं की ‘इनव्हॅलिड ईएलएफ हेडर’ म्हणून बोंब मारतं. सर्व्हर लोकलहोस्टवर बांधला असेल तर पोर्ट ३००० उघडूनही बाहेरून काही दिसत नाही, तिथे ०.०.०.० लागतं.

सगळ्यात फसवा प्रकार पीआयडी १ चा. कंटेनरमधली पहिली प्रोसेस १ नंबरची असते, आणि लिनक्स त्या नंबराला सिग्नलची (प्रोसेसला दिलेल्या सूचनेची) नेहमीची वागणूक लावत नाही. नोडला तिथे सरळ बसवलं आणि कोडमध्ये सिगटर्म (‘बंद हो’ हा सिग्नल) हाताळलेला नसला तर डॉकर स्टॉप दिल्यावर काहीच घडत नाही, १० सेकंद जातात, मग सिगकिल (जबरदस्तीने बंद करणारा सिग्नल) येतो आणि एक्झिट कोड १३७ दिसतो (१२८ अधिक ९). मधल्या रिक्वेस्ट गेल्याच. एनपीएम स्टार्टने चालवलं तर सिग्नल नोडपर्यंत पोचेलच याचा भरवसा नाही, म्हणून नोडच्या अधिकृत इमेजच्या टिपांमध्येही थेट नोड कमांड द्यायचा सल्ला आहे. उपाय दोन: सिगटर्म पकडून सर्व्हर नीट बंद करणं, किंवा कंटेनर सुरू करताना इनिट फ्लॅग देणं, म्हणजे टिनी नावाची छोटी प्रोसेस पुढे बसते. टिनी सिग्नल पुढे सरकवते, पण चालू रिक्वेस्ट सांभाळत नाही, त्यामुळे पहिला उपाय टाळता येत नाहीच.

बेस इमेज निवडताना अल्पाइन आकाराने लहान म्हणून लगेच उचलली जाते, पण तिच्यात जीलिबसी या सी भाषेच्या नेहमीच्या लायब्ररीऐवजी मसल ही दुसरी लायब्ररी आहे आणि काही नेटिव्ह पॅकेजं तिथे रुसतात. तसं झालं की डेबियनवरची स्लिम इमेज घ्यावी.