नऊशेचं दार आणि मॉडेलमधली मोकळी जागा: पार्श्वभूमी

पुण्यातल्या मॉडेलिंग ऑफिसांत, म्हणजे इमारतींची त्रिमितीय मॉडेलं संगणकावर करणाऱ्या ऑफिसांत, चाकाच्या खुर्चीसाठी दाराभोवतीची मोकळी जागा तपासायची सवय लागली ती परदेशी कामांमुळे. बाणेरला बसून अमेरिकेतल्या इस्पितळांची मॉडेलं करणाऱ्यांना दार उघडल्यावर ३२ इंच मोकळे आणि ओढायच्या बाजूला कडीशेजारी १८ इंच हे आकडे तोंडपाठ असतात. आपल्याकडच्या नियमातली ९०० मिमी मोकळी रुंदी त्यातल्या अनेकांनी कधी तपासलेली नसते. क्लायंट मागत नाही, मग कोण तपासणार?

अपंगांच्या सोयीचं तिकडचं पहिलं मानक १९६१चं, कायदा १९९०चा. आपला पहिला कायदा १९९५चा आणि त्याची जागा घेणारा २०१६चा. मधल्या वीस वर्षांत दाराच्या बाबतीत कागदाबाहेर फारसं काही हललं नाही.

नकाशे संगणकावर तपासणं मात्र पुण्याला नवं नाही. पण ती तपासणी मुळात सपाट नकाशाची. लेअर (नकाशाचे थर) नीट लावले की एफएसआय (भूखंडाच्या तुलनेत एकूण बांधकाम) निघतो, मार्जिन (इमारतीभोवती सोडायची जागा) निघतात. दार तिथे म्हणजे भिंतीतली एक फट आणि एक चाप. त्या चापावरून चाकाची खुर्ची आत जाईल की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. डिसेंबर २०२०मध्ये युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, लागू झाली. अपंगांसाठीच्या तरतुदींत तिने प्रवेशदाराला किमान ९०० मिमी मोकळी रुंदी, उंबरा १२ मिमीहून उंच नको, आणि खास स्वच्छतागृहाचं दार ९००चं व बाहेर उघडणारं, असं सांगितलं. तरी 'डी-वन, ९०० बाय २१००' असं दारांच्या तक्त्यात लिहिलं की काम झालं, हा समज कायम राहिला.

खरा घोळ इथेच आहे. हे ९०० कुठून कुठपर्यंत? गवंड्याचे ९०० म्हणजे विटांमधली फट. तिच्यात ६५ मिमी जाडीची लाकडी चौकट दोन्ही बाजूंनी बसली की उरतात ७७०. दार काटकोनात उघडलं की ३५ मिमीच्या फळीचा काही भाग चौकटीच्या खाचेबाहेर, वाटेतच उभा राहतो. आणखी पंचवीसेक मिमी गेले. हाती येतात साधारण ७४५. याच हिशेबाने १०५०ची ऐसपैस फटसुद्धा ८९५च्या आसपास येऊन थांबते, म्हणजे नियमाला पाच मिमी कमीच.

सॉफ्टवेअरने हा गुंता सोडवण्याऐवजी बराच काळ झाकून ठेवला. रेव्हिट या मॉडेलिंग सॉफ्टवेअरच्या डोअर फॅमिलीत (दाराच्या तयार साच्यात) 'विड्थ' म्हणजे फळी की फट, हे फॅमिली बनवणाऱ्याच्या मर्जीवर. आयएफसी हा मॉडेलं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल-प्रकार; त्यातली एकूण रुंदी चौकटीसकट धरली जाते. त्याच आयएफसीत दार अपंगांना वापरता येण्याजोगं आहे की नाही, यासाठी हो-नाहीचा एक रकाना आहे. तो कुणीतरी हाताने भरायचा! मोजमाप न करता दिलेलं हे प्रमाणपत्र तपासणीच्या अहवालात हिरवं दिसतं.

म्हणून ऑफिसांत दोन तट पडले. एक म्हणतो, मोकळ्या रुंदीचा वेगळा पॅरामीटर ठेवा आणि चौकट, फळी यांच्या मापांवरून सूत्राने काढा. दुसरा म्हणतो, फॅमिलीतच न दिसणारा खोका बसवा, दारापुढच्या जागेएवढा, आणि नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये क्लॅश, म्हणजे वस्तू एकमेकींत घुसतात का याची तपासणी, चालवा. खोक्याची बाजू वरचढ वाटते, कारण तो कडीशेजारचा खांबही पकडतो. पण मॉडेलमध्ये जे नाहीच, त्याला तो धडकणार कसा? साइटवर आयत्या वेळी बसवलेली ग्रॅनाइटची पट्टी किंवा दाराआडचं चपलांचं कपाट त्याला दिसत नाही. सोलिब्रीसारखी साधनं नियम लावून थेट भूमितीवरून जागा मोजतात. तिथेही दार कुठल्या बाजूला उघडतं हे मॉडेलमध्ये चुकलं असेल तर ओढायची बाजू ढकलायची ठरते आणि सगळा हिशेब उलटा होतो.

नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या कायद्याखालच्या २०१७च्या नियमांतला सुगम्यतेच्या मानकांचा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. मार्गदर्शक सूचना आणि सक्तीचे नियम यांची सरमिसळ झाली आहे, किमान सक्तीची मानकं वेगळी काढा, आणि तीही तीन महिन्यांत, असं सांगितलं. मोकळी रुंदी कुठून मोजायची, हे त्या सक्तीच्या यादीत आकड्याशेजारीच स्पष्ट लिहायला हवं. नुसते ९०० लिहिले तर विटांपासून मोजणारे मोजतच राहतील. तोवर सोपा उपाय म्हणजे विटांमधली फट ११००ची धरणं. वरच्या हिशेबाने साडेनऊशेच्या जवळ मोकळे मिळतात आणि गिलाव्याच्या चुकीलाही थोडी जागा राहते.