सोळातले दहा कुठे गेले?

लहान मुलासमोर सोळा मणी ठेवा. ते मोजेल आणि १६ लिहीलही. आता त्यातल्या ६ वर बोट ठेवून विचारा, ‘हे मणी कुठले?’ मूल सहा मणी बाजूला काढतं. मग १ वर बोट ठेवा. पुष्कळ मुलं एकच मणी उचलतात! उरलेल्या नऊ मण्यांचं काय, हे त्यांच्या मनातही येत नाही. कॉन्स्टन्स कामी या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मुलांना हाच प्रश्न विचारून पाहिला होता.

या मुलांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एक म्हणजे एक, हे आपणच त्यांना शिकवलं. रोमन पद्धतीत दहाला वेगळी खूण तरी असते. आपल्याकडे तोच १ एक घर डावीकडे सरकला की दहा होतो आणि दिसतो मात्र तसाच.

त्यात मराठीची भर. सत्तावीस म्हणताना सात आधी आणि लिहिताना २ आधी, म्हणून कानावर विसंबणारं मूल ७२ लिहितं. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात; चिनी मात्र सरळ ‘दोन दहा सात’ म्हणते. आपलं एकोणतीस तर फारच अवघड: ऐकू येतं तीस, लिहायचा २.

पण मूळ गाठ शब्दांच्याही आधीची आहे. दहा काड्यांची जुडी बांधली की ती एक वस्तू होते, आणि आत दहा काड्या असतातच. ‘एक’ आणि ‘दहा’ दोन्ही एकाच वेळी खरं, हे मनात ठरायला वेळ लागतो. म्हणून जुडी मुलानं स्वतः बांधावी असं मला फार वाटतं. आयती दिलेली जुडी त्याच्यासाठी नुसती जाड काडी ठरते. चार जुड्या, तीन सुट्या म्हणजे ४३. सुट्या नसतील तर ती जागा शून्य राखतं. बॅबिलोनी लोक साठाच्या गटांनी लिहीत, आणि कित्येक शतकं अशा ठिकाणी त्यांच्याकडे नुसती मोकळी जागा असे.

जुडी सोडताही यायला हवी. ४३ मधून १७ काढायचे, पण सुट्या तीनच. एक जुडी सोडली की तीन जुड्या आणि तेरा सुट्या होतात. काड्या अजून त्रेचाळीसच आहेत, हे मुलाला पुन्हा मोजू द्यावं. मग सात सुट्या आणि एक जुडी उचलली की समोर दोन जुड्या, सहा सुट्या.