कॅरोल लॉम्बार्ड आणि स्क्रूबॉल विनोदपटांची घडण

१९३४ च्या फेब्रुवारीत फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात हॉवर्ड हॉक्सचा ‘ट्वेंटिएथ सेंचुरी’ असे दोन चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाले. दोन्ही कोलंबियाचे होते आणि ही कंपनी त्या काळी दुय्यम समजली जात असे. पहिल्याने उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही प्रमुख ऑस्कर पारितोषिके पटकावली. त्याची कथा पुढे १९५६ च्या ‘चोरी चोरी’मधून आणि १९९१ च्या ‘दिल है कि मानता नहीं’मधून आपल्याकडील प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. दुसऱ्या चित्रपटाला इतके भाग्य लाभले नाही. तरीही पुढील सात-आठ वर्षे हॉलिवूडमध्ये जे ‘स्क्रूबॉल’ विनोदपट निघाले, त्यांतील नायिका कशी घडली हे समजून घ्यायचे असेल, तर या दुसऱ्या चित्रपटाकडे आणि त्यात काम करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कॅरोल लॉम्बार्डकडेच वळावे लागते.

स्क्रूबॉल विनोदपटांच्या मुळाशी प्रेमकथाच असते, पण त्यातील प्रेमिक गोड बोलण्याऐवजी भांडतात, एकमेकांना फसवतात, पाठलाग करतात आणि प्रसंगी लाथाबुक्क्यांवरही येतात. संवाद इतक्या वेगाने येतात की एकाचे वाक्य संपण्याआधीच दुसऱ्याचे सुरू झालेले असते. याआधीच्या चित्रपटांत नायिका आणि विनोदी नटी ही कामे बहुधा वेगवेगळ्या स्त्रियांकडे असत. रूपवती नायिकेने प्रेम करावे, विरहात झुरावे आणि सुंदर दिसावे. घसरून पडणे, तोंडे वेडीवाकडी करणे, आरडाओरडा करणे हे थोराड किंवा चमत्कारिक दिसणाऱ्या सहनटीच्या वाट्याला यावे, अशी ती वाटणी होती. मूकपटांच्या काळात मेबल नॉर्मंडसारख्या नटींनी ती वाटणी केव्हाच मोडली होती. परंतु त्यांना बोलण्याची सोय नव्हती. देहाने केलेला विनोद आणि तोंडाने केलेला विनोद या दोन्हींचा भार एकाच देखण्या नायिकेने पेलणे ही बोलपटांतली नवी गोष्ट होती. माझ्या मते तिचे पहिले श्रेय लॉम्बार्डला द्यायला हवे, आणि तिलाच ते का साधले याचे उत्तर तिच्या आधीच्या दहा वर्षांत सापडते.

तिचे मूळ नाव जेन अ‍ॅलिस पीटर्स. ६ ऑक्टोबर १९०८ रोजी इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे एका सधन कुटुंबात तिचा जन्म झाला. १९१४ मध्ये तिची आई बेस तीन मुलांना घेऊन लॉस एंजेलिसला आली आणि तेथेच राहिली. दोन थोरल्या भावांबरोबर जेन मैदानी खेळांत रमली. ती बारा वर्षांची असताना दिग्दर्शक अ‍ॅलन ड्वानने तिला रस्त्यावर बेसबॉल खेळताना पाहिले आणि १९२१ च्या ‘अ परफेक्ट क्राइम’ या मूकपटात एक लहान भूमिका दिली. पुढे फॉक्स कंपनीने तिच्याशी करार केला, पण लवकरच एका मोटार अपघातात काच लागून तिचा डावा गाल चिरला गेला. शस्त्रक्रियेनंतरही व्रण राहिला आणि फॉक्सने करार संपवला. केवळ चेहऱ्यावर भिस्त असलेल्या एखाद्या मुलीची कारकीर्द तेथेच थांबली असती.

त्यानंतर तिला काम मिळाले ते मॅक सेनेटकडे. कीस्टोन कंपनीच्या दिवसांपासून सेनेटचे नाव धावपळ, पडझड आणि तोंडावर फेकलेले केक यांच्याशी जोडलेले होते. लॉम्बार्डने १९२७ पासून १९२९ पर्यंत त्याच्या लघुविनोदपटांत काम केले. वरवर पाहता पोहण्याच्या पोशाखातील सुंदर मुलींपैकी एक, एवढेच तिचे स्थान होते. प्रत्यक्षात तिला तेथे जे शिक्षण मिळाले, ते त्या काळच्या कोणत्याही नाट्यशाळेत मिळाले नसते. पडायचे कधी, उठायचे कधी, मार खाल्ल्यावर किती क्षण थांबून मग प्रतिक्रिया द्यायची, आणि हे सारे कॅमेऱ्याच्या चौकटीत राहून कसे करायचे, हे तिच्या अंगवळणी पडले. चेहऱ्यावरील व्रणामुळे प्रकाशयोजनेकडे बारकाईने पाहण्याची सवयही तिला लागली आणि आपल्या छायालेखकाच्या निवडीबाबत ती पुढे आग्रही राहिली.

१९३० मध्ये पॅरामाउंटने तिच्याशी करार केला, पण हाताशी काय आहे हे त्या कंपनीला कळले नव्हते. तलम रेशमी पोशाखातील सुंदर, गंभीर तरुणी म्हणून तिला एकामागून एक चित्रपटांत उभे केले गेले. १९३२ च्या ‘नो मॅन ऑफ हर ओन’मध्ये ती क्लार्क गेबलची नायिका होती. पुढे सर्वांत प्रसिद्ध ठरलेल्या या जोडप्याचा हा एकमेव एकत्र चित्रपट, आणि त्या वेळी दोघांत काहीच घडले नाही.

दरम्यान हॉलिवूडचे वातावरण बदलत होते. बोलपट आल्यावर स्टुडिओंना संवाद लिहिणारी माणसे हवी होती, म्हणून न्यूयॉर्कचे नाटककार आणि वृत्तपत्रांचे वार्ताहर मोठ्या संख्येने पश्चिमेकडे आले. शिकागोत बातमीदारी केलेला बेन हेक्ट हा त्यांतला अग्रगण्य. १९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर १९३३ पर्यंत अमेरिकेतील कामगारांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश बेकार झाले होते. अशा प्रेक्षकांना श्रीमंतांचे महाल पाहायचे होते आणि त्या महालांतील लोकांची फजितीही पाहायची होती. त्यात १ जुलै १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या देखरेखीखाली, चित्रपटांत काय दाखवता येईल याचे नियम घालणाऱ्या नीतिसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली. ही संहिता १९३० मध्येच मान्य झाली होती, पण तोवर ती बहुतांशी कागदावर राहिली होती. कॅथलिक संघटनांनी बहिष्काराची धमकी दिल्यावर मात्र प्रत्येक चित्रपटाला प्रमाणपत्र घेणे भाग पडले. शृंगार उघडपणे दाखवण्याची मुभा गेली, तेव्हा लेखक-दिग्दर्शकांनी तो भांडणात लपवला. नायक-नायिकेची शाब्दिक चकमक जितकी तिखट, तितकी त्यांची ओढ प्रेक्षकाला अधिक जाणवे. सेन्सॉरला कात्री लावता येईल असे त्यात काही सापडत नसे.

‘ट्वेंटिएथ सेंचुरी’ ही कडक अंमलबजावणी सुरू होण्याच्या दोन महिने आधीचा चित्रपट. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांच्या नाटकावरून त्यांनीच तो लिहिला होता. शिकागोहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या त्याच नावाच्या आलिशान आगगाडीत एक बुडीत निघालेला नाट्यनिर्माता, त्याने घडवलेल्या आणि आता त्याला सोडून गेलेल्या नटीला पुन्हा करारात अडकवू पाहतो, एवढेच कथानक. या निर्मात्याच्या भूमिकेत होता जॉन बॅरीमोर, ब्रॉडवेवर हॅम्लेट गाजवलेला नट. त्याच्यासमोर लॉम्बार्ड सुरुवातीला अवघडली आणि ताठर, पाठ केल्यासारखा अभिनय करू लागली. हॉक्सने पुढे अनेकदा सांगितलेल्या हकिकतीनुसार, त्याने तिला बाजूला नेऊन विचारले की प्रत्यक्षात कोणी तुला असे बोलला तर तू काय करशील. लाथ घालीन, असे तिने सांगताच, मग बॅरीमोरला लाथ घाल, असे त्याने तिला सुचवले. हॉक्सला किस्से रंगवून सांगण्याची सवय होती, तेव्हा तपशील जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. पण आगगाडीच्या डब्यात बसून बॅरीमोरवर दोन्ही पायांनी लाथा झाडणारी, किंचाळणारी आणि त्याच दमात मानभावी अश्रू ढाळणारी लॉम्बार्ड पडद्यावर दिसते, आणि सेनेटकडचे सारे शिक्षण तेथे प्रथमच शब्दांच्या जोडीने कामाला लागलेले दिसते.

पॅरामाउंटलाही आता उमगले. अर्न्स्ट लुबिच त्या कंपनीचा निर्मितीप्रमुख असताना, १९३५ मध्ये, मिचेल लायसनने दिग्दर्शित केलेला ‘हँड्स अक्रॉस द टेबल’ खास तिच्यासाठी तयार झाला. श्रीमंत नवरा मिळवू पाहणारी, लोकांच्या नखांना रंग लावून पोट भरणारी मुलगी ही तिची भूमिका होती. फ्रेड मॅकमरे हा तिचा दिवाळे निघालेला खानदानी नायक. त्यात ती नाकात बोलून दूरध्वनी कार्यालयातल्या बाईचे सोंग करते आणि मग दोघे हसत सुटतात. ते हसू खरे होते. लायसनने कॅमेरा चालू ठेवला आणि ते चित्रपटात राहू दिले.

या साऱ्याचा कळस म्हणजे १९३६ चा, ग्रेगरी ला काव्हाने युनिव्हर्सलसाठी केलेला ‘माय मॅन गॉडफ्री’. न्यूयॉर्कच्या नदीकाठच्या कचऱ्याच्या ढिगांवर बेकार माणसे झोपड्या बांधून राहत आहेत आणि तेथे रेशमी झग्यातील श्रीमंत मुली एका खेळासाठी ‘विसरला गेलेला माणूस’ शोधायला येतात, या दृश्याने तो सुरू होतो. फ्रँकलिन रूझवेल्टने १९३२ च्या आपल्या रेडिओ भाषणात वापरलेले हे शब्द तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाच्या कानांत होते. त्या श्रीमंत मुलींपैकी एक, आयरीन (लॉम्बार्ड), सापडलेल्या गॉडफ्रीला घरी बटलर म्हणून ठेवते आणि त्याच्या प्रेमात पडते. नायक विल्यम पॉवेल हा लॉम्बार्डचा पूर्वीचा पती. १९३१ मध्ये त्यांचे लग्न झाले होते आणि १९३३ मध्ये घटस्फोट. तरीही या भूमिकेसाठी तीच हवी असा आग्रह पॉवेलनेच धरला.

आयरीन बुद्धीने बेताची आहे, लाडावलेली आहे आणि मूर्च्छेची खोटी नाटके करते. अशी व्यक्तिरेखा दहा मिनिटांत असह्य होऊ शकते. लॉम्बार्ड तिला असह्य होऊ देत नाही, कारण ती आयरीनवर वरून हसत नाही. गॉडफ्री तिला कपड्यांसकट थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करतो, तेव्हा त्याचे आपल्यावर प्रेम आहे याचा पुरावाच मिळाल्याच्या आनंदात ती ओल्या कपड्यांनी पलंगावर उड्या मारते. त्या उड्यांत हिशेबी असे काही दिसत नाही. तिचा तर्क अचाट आहे, पण तिचा त्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि आपणही क्षणभर तो मान्य करतो. या चित्रपटाला ऑस्करची सहा नामांकने मिळाली. सहायक कलाकारांची पारितोषिके त्याच वर्षापासून सुरू झाली होती, आणि अभिनयाच्या चारही विभागांत नामांकन मिळवणारा हा पहिला चित्रपट ठरला. पारितोषिक मात्र एकही मिळाले नाही; लॉम्बार्डच्या विभागात लुइझे रायनर विजयी झाली. लॉम्बार्डला हे एकच नामांकन मिळाले. अ‍ॅकॅडमीने विनोदी अभिनयाला बहुधा उणेच लेखले आहे, आणि हा त्याचा जुना दाखला.

१९३७ चा ‘नथिंग सेक्रेड’ याहून अधिक बोचरा आहे. डेव्हिड सेल्झनिकची निर्मिती, विल्यम वेलमनचे दिग्दर्शन, हेक्टचे लेखन आणि टेक्निकलर रंग. व्हरमाँटमधील घड्याळांच्या कारखान्यातली एक मुलगी रेडियमच्या विषबाधेने मरणार अशी समजूत होते. न्यूयॉर्कचा वार्ताहर तिला शहरात आणून तिच्या मरणाचा उत्सव मांडतो. वास्तविक तिला काहीही झालेले नसते आणि हे तिला ठाऊक असते. यामागे खरी आणि भीषण पार्श्वभूमी होती. न्यू जर्सीतील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग लावणाऱ्या तरुण मुली १९२० च्या दशकात आजारी पडून मरण पावल्या होत्या, आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या खटल्याच्या बातम्या देशभर पोहोचवल्या होत्या. हेक्टचा राग वृत्तपत्रांवर आणि अश्रू ढाळण्यास आतुर असलेल्या वाचकांवर आहे. लॉम्बार्डची हेझल या फसवणुकीत सामील असूनही आपली वाटते, हे त्या चित्रपटाचे खरे बळ.

तोवर या प्रकाराला बहर आला होता. आयरीन डन, जीन आर्थर, कॅथरीन हेपबर्न, रोझालिंड रसेल, बार्बरा स्टॅनविक अशा एकाहून एक समर्थ नटी त्यात उतरल्या. त्यांतील कित्येकींना आधी गंभीर भूमिकांसाठीच ओळखले जात होते.

पडद्याबाहेर लॉम्बार्ड व्यवहारात पक्की होती. पॅरामाउंटचा करार संपल्यावर तिने स्वतःला एका स्टुडिओशी बांधून घेतले नाही. १९३७ मध्ये तिची कमाई सुमारे साडेचार लाख डॉलर होती, आणि त्यातील बहुतांश रक्कम करात गेली तरी आपण देशासाठी आनंदाने ती देतो, असे तिने जाहीरपणे सांगितले. १९३८ चा ‘फूल्स फॉर स्कँडल’ सपशेल पडल्यावर ती गंभीर चित्रपटांकडे वळली. २९ मार्च १९३९ रोजी अ‍ॅरिझोनातील किंगमन येथे तिने गेबलशी लग्न केले. गंभीर भूमिकांत तिने प्रामाणिक काम केले, पण प्रेक्षकांना ती हसवणारीच हवी होती. १९४१ मध्ये आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘मिस्टर अँड मिसेस स्मिथ’मधून ती विनोदाकडे परतली. हिचकॉकची एरवीची वाट पाहता हा चित्रपट आजही वेगळा वाटतो.

त्यानंतर लुबिचचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’. नाझींनी व्यापलेल्या वॉर्सामधील एका नाटक मंडळीची ही कथा. जॅक बेनी अहंमन्य नटाच्या आणि लॉम्बार्ड त्याच्या पत्नीच्या भूमिकेत होती. चित्रीकरण चालू असतानाच, ७ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवर हल्ला झाला. या चित्रपटात तिचा विनोद शांत झाला आहे. किंचाळणे नाही, लाथा नाहीत. एक भुवई, एक विराम, आणि समोरचा नाझी अधिकारी जाळ्यात. मला तिची ही भूमिका सर्वांत परिपक्व वाटते.

अमेरिका युद्धात उतरताच लॉम्बार्ड युद्धरोख्यांच्या विक्रीसाठी आपल्या जन्मराज्यात गेली. १५ जानेवारी १९४२ रोजी इंडियानापोलिस येथे तिने वीस लाख डॉलरहून अधिक किमतीचे रोखे विकले. परतीचा प्रवास आगगाडीने करण्याऐवजी तिने विमान निवडले. १६ जानेवारीच्या रात्री लास वेगासहून निघाल्यावर थोड्याच वेळात ते विमान पोटोसी डोंगरावर आदळले. तिची आई आणि लष्कराचे १५ वैमानिक यांच्यासह सर्व २२ जण ठार झाले. लॉम्बार्ड तेव्हा ३३ वर्षांची होती. अद्याप प्रदर्शित न झालेल्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’मध्ये, विमानात काय होणार, अशा अर्थाचे तिच्या तोंडी एक वाक्य होते. ते काढून टाकण्यात आले. चित्रपट काही आठवड्यांनी प्रदर्शित झाला, तेव्हा वॉर्साच्या दुःखावर विनोद केल्याबद्दल अनेक समीक्षकांनी त्याला झोडपले. त्याचा मान पुढील दशकांत हळूहळू वाढला.

युद्धाच्या वर्षांत श्रीमंतांच्या लहरींवरील विनोद मागे पडला. तरी सुंदर नायिकेने घसरून पडण्याची ती रीत संपली नाही. आरकेओ स्टुडिओतील दिवसांपासून लॉम्बार्डला ओळखणारी ल्युसिल बॉल तिला आपला आदर्श मानत असे. दूरचित्रवाणीवर जाण्याचा धोका पत्करावा की नाही या विचारात असताना लॉम्बार्डने स्वप्नात येऊन आपल्याला धीर दिला, असे बॉल सांगत असे. तिची ‘आय लव्ह ल्युसी’ ही मालिका १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली, आणि सेनेटकडून लॉम्बार्डपर्यंत आलेला देहविनोद तेथून घरोघरी पोहोचला. लॉम्बार्डचे स्वतःचे चित्रपटही पाहायला मिळतात. ‘माय मॅन गॉडफ्री’ आणि ‘नथिंग सेक्रेड’ यांच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण वेळेत झाले नाही, त्यामुळे ते सार्वजनिक मालकीचे झाले. त्यांच्या अनेक प्रती मात्र धूसर आणि कापलेल्या आहेत, म्हणून पुनर्संस्कारित प्रत शोधून पाहणेच योग्य.