पेशवे दफ्तर

पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दफ्तरात साठत गेलेल्या आणि आज तेथील पुराभिलेखागारात जतन केलेल्या मोडी कागदपत्रांच्या संग्रहास पेशवे दफ्तर म्हणतात. त्यातील बहुसंख्य कागद अठराव्या शतकातील व १८१८ पर्यंतच्या काळातील आहेत. नाव पेशव्यांचे असले तरी सातारच्या शाहू महाराजांच्या कारभाराचे आणि कुलाब्याच्या आंग्र्यांचे कागदही याच संग्रहात येतात. मराठ्यांच्या राजकीय इतिहासाचे साधन म्हणून हे दफ्तर प्रसिद्ध असले, तरी मुळात ते हिशेबाचे दफ्तर आहे. लढाया आणि तहांची पत्रे त्यात सापडतात ती बहुधा पैशाच्या, फौजेच्या किंवा वतनाच्या निमित्ताने, आणि ही गोष्ट लक्षात न घेता ते चाळणाऱ्याची पहिल्याच आठवड्यात निराशा होते.

हुजूर दफ्तराच्या दोन प्रमुख शाखा होत्या. फडणिसांच्या देखरेखीखालील चालते दफ्तर रोजचा व्यवहार पाही. सरकारातून सुटलेली सनद, दिलेली रक्कम, केलेली नेमणूक यांची दिवसवार नोंद रोजकिर्दीत होई. एकबेरीज दफ्तरात परगण्यांतून व महालांतून आलेले हिशेब एकत्र करून त्यांची खतावणी होई, आणि त्यांवरून तर्जुमे (हिशेबांचे गोषवारे) व ताळेबंद तयार होत. गावचा कुलकर्णी, परगण्याचा देशपांडे आणि सरकारचा कमाविसदार (महसूल वसूल करणारा अधिकारी) या तिघांच्या कागदांचा मेळ पुण्यात बसवला जाई, त्यामुळे एखाद्या गावाने एखाद्या साली काय भरले व त्याला किती सूट मिळाली, हे आजही बऱ्याच ठिकाणी ताडून पाहता येते. नाना फडणिसांच्या काळात ही शिस्त कडक होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ती ढिली पडली.

पेशवाई बुडाल्यावर हे कागद टिकले ते इंग्रजांना इतिहासाचे प्रेम होते म्हणून नव्हे. इंग्रज कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला जिंकलेल्या मुलखाची घडी बसवायची होती, आणि कोणत्या गावात कोणाचे इनाम, कोणाचे वतन, सरकारचा वसूल किती, हे या कागदांखेरीज कळण्याची सोय नव्हती. दफ्तर ताब्यात घेऊन लावण्याचे काम मॅक्लाउड या अधिकाऱ्याकडे देण्यात आले. पुढे १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांच्या सनदा याच कागदांशी पडताळल्या जाऊ लागल्या. ज्यांच्या पूर्वजांच्या कृपापत्रांची नोंद दफ्तरात होती त्यांना ते आधार ठरले, ज्यांची नव्हती त्यांच्या विरुद्ध ते साक्षीदार झाले. महसुलाच्या दृष्टीने एवढे नाजूक असलेले कागद सरकारने साहजिकच ‘एलिअनेशन ऑफिस’च्या (इनाम जमिनींच्या कचेरीच्या) कुलपात ठेवले. त्यांच्यासाठी पुण्यात स्वतंत्र इमारत १८९१ साली बांधण्यात आली, पण अभ्यासकांना मुक्त प्रवेश त्यानंतरही दीर्घकाळ नव्हता.

दार किलकिले झाले ते निवडक उताऱ्यांच्या रूपाने. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकिर्दींतून वेचलेल्या नोंदी विसाव्या शतकाच्या आरंभी भागशः छापल्या गेल्या. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली या रोजनिश्यांवर निबंध वाचून, राज्ये व लढायांपलीकडचा समाजही त्यांतून दिसतो, हे दाखवून दिले. दफ्तर बंद होते त्या काळात इतर अभ्यासकांनी खाजगी घराण्यांचे वाडे धुंडाळले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे कागद छापले, वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड काढले, तर द. ब. पारसनीस यांनी नाना फडणिसांचे मेणवलीचे दफ्तर मिळवले. राजकीय पत्रव्यवहाराचा मोठा वाटा अशा खाजगी संग्रहांतूनच उजेडात आला आहे. सरकारी दफ्तरातील पत्रांची मोठी निवड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध झाली.

कागद सुती कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधलेले असतात. या गाठोड्यालाच रुमाल म्हणतात. रुमाल सोडल्यावर पहिली अडचण लिपीची येते. मोडी बोरूने, आधी आखलेल्या रेघेखाली, हात शक्यतो न उचलता लिहीत. तीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाच्या संदर्भात ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिका पसरली, तिला लिपीच्या या सैल वळणाची पार्श्वभूमी आहे.

दुसरी अडचण तारखेची. पत्रात अनेकदा ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे अरबी शब्द असतात. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, बेरीज ११६१. हे सुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास, जूनमध्ये बदलते. म्हणून जून ते डिसेंबरमधील पत्रासाठी त्यात ५९९, आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. वरील साल १७६०-६१ चे, म्हणजे पानिपतचे. तारखेआधी येणारा ‘छ’ चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्यातील दिवसाचा असतो. मजकुराचा मायना ठरलेला असतो: ‘विनंति उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे विशेष’ एवढे झाल्यावरच लिहिणारा मुद्द्यावर येतो.

सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने दफ्तराची खरी श्रीमंती किरकोळ वाटणाऱ्या नोंदींत आहे. कारागिरांवरचा मोहतर्फा कर, विधवेच्या पाटाच्या लग्नावरील पाटदाम, पर्वतीच्या रमण्यात ब्राह्मणांना वाटलेली दक्षणा, कुणबिणींची (दासींची) खरेदी-विक्री, जातीच्या पंक्तिव्यवहारावरून झालेले तंटे, दुष्काळात दिलेली सूट, पुण्याच्या कोतवालीतील दंड अशा बाबी येथे रकमेसह येतात. पाटीलकीच्या वादात पक्षकारांचे करीने (लेखी कैफियती), गोताची (वतनदार-गावकऱ्यांच्या सभेची) साक्ष आणि शेवटचा निवाडा एकत्र मिळाला, तर गावाचे दोन-तीन पिढ्यांचे नातेसंबंध उलगडतात. मात्र ज्याच्याकडे ना वतन होते ना देणे, तो माणूस या कागदांत क्वचितच उतरतो; स्त्रियाही बहुतेक वेळा वारसाहक्क, दंड किंवा नेमणुकीच्या निमित्तानेच दिसतात.

छापील खंडांत पत्रे अधिक आली आणि ताळेबंद, अजमास (अंदाजपत्रके), पागांचे (घोडदळाच्या तुकड्यांचे) व पथकांचे हिशेब तुलनेने मागे राहिले, कारण संपादकांचे लक्ष राजकारणावर होते आणि आकड्यांची पाने वाचणे कंटाळवाणे असते. शेतीचे उत्पन्न, कर्जे, मजुरी व भाव यांविषयी काही ठोस म्हणायचे असेल, तर अभ्यासकाला अजूनही मोडी शिकून मूळ रुमालच सोडावे लागतात.